उंबराखालचं पाणी

बुडुक्.

न्हाणीघराच्या जाळीतून आवाज आला आणि भैरवीचा कणकेतला हात जागच्या जागी थांबला. घरात कुणीच बोलत नव्हतं. अक्का, तिच्या सासूबाई, आतल्या खोलीत पडून होत्या, नवरा उन्मेष मागच्या अंगणात दात घासत उभा होता आणि मोना पाटावर बसून दुधातली साय बोटानं पेल्याच्या काठाला लावत होती. सकाळचे सव्वासात.

बुडुक्, पुन्हा. मग एक लांबलचक ढेकर.

"आई, संडास बोलला," मोना म्हणाली.

"गप दूध पी."

हात धुवायला भैरवीनं नळ सोडला आणि लगेच बंद केला. हे पाणी तरी कुठं जाणार होतं? कणकेचे हात तसेच घेऊन ती न्हाणीपाशी गेली. जाळीवर राखाडी पाणी चढलं होतं आणि त्यात मोनाचं गुलाबी रबरबँड तरंगत होतं. परवा वाहून गेलेलं, आज परत माहेरी आलेलं.

काल संध्याकाळीच तर केरबाच्या टँकरनं संडासाची टाकी उपसली होती. सगळी गल्ली दोन तास नाकाला पदर लावून बसली होती. जाताना केरबा नळी गुंडाळत म्हणाला होता, "टाकी कोरडी केली वैनी. पर येक सांगतो. मी वडत हुतो तवा पुढच्या पायपातनं पाणी उलटं टाकीत येत हुतं. म्हंजी दोष टाकीचा न्हाय. पुढं जमिनीत मुरायचं बंद झालंय. रात्रीत परत भरतीय बघा."

भरली.

आणि उद्या आप्पांची तिथी. सासरे जाऊन चार वर्षं होत होती. पस्तीस माणसं जेवायला सांगितलेली, त्यातली निम्मी शिरोळहून, म्हणजे दोन तासांचा प्रवास करून येणारी. आल्या आल्या माणसं पहिल्यांदा काय विचारतात, हे भैरवीला चांगलं माहीत होतं.

पाचगावच्या वरच्या अंगाला ही वसाहत झाली तेव्हा इथं ड्रेनेज नव्हतं, अजूनही नाही. बाकीच्यांनी टाकीपुढं एकेक शोषखड्डा खणला आणि मोकळे झाले. आप्पा, म्हणजे गणपतराव, साखर कारखान्यात फिटर. त्यांना एवढ्यावर समाधान नव्हतं. अठ्ठ्याण्णव साली त्यांनी गुंडू मिस्त्रीला हाताशी धरून मागच्या अंगणात तीन लांब चर खणले, त्यांत खडी भरली, चार इंची पाइपांना स्वतः ड्रिलनं भोकं पाडली आणि त्या तीन ओळी खडीत पुरल्या. टाकीतलं निवळलेलं पाणी त्या तीन ओळींतून थेंबथेंब मातीत मुरायचं. वर दोन फूट माती, मातीवर गवत. तेवीस वर्षं एक दिवस वास आला नाही. पाहुण्यांना आप्पा देवघर दाखवायच्या आधी ते गवत दाखवायचे.

आता त्या गवतात, बरोबर मधल्या ओळीच्या डोक्यावर, पंधरा फुटी उंबर उभा होता.

"गुंडूमामांना बोलवा," भैरवीनं मागच्या दारातून हाक मारली. "आत्ताच्या आत्ता."

उन्मेषनं तोंडातला फेस उंबराच्या बुंध्याशी टाकायला मान वळवली, काहीतरी आठवून थांबला आणि लांब कोपऱ्यात जाऊन थुंकला.

*

वर्षाराणी रिक्षातून उतरली ती घरात न जाता बाजूच्या बोळातून सरळ मागं गेली. दर वेळी ती असंच करायची. आधी उंबर, मग माणसं.

हे झाड तिचं होतं. चार वर्षांपूर्वी तिसऱ्या दिवशी आप्पांची रक्षा कुठं न्यायची यावरून तिचं आणि धाकट्या भावाचं पहिल्यांदा कडाक्याचं वाजलं होतं. ती म्हणत होती, नरसोबाच्या वाडीला, कृष्णेत. उन्मेष म्हणत होता, नदीत काही सोडायचं नाही, आता सगळे रक्षा रानात ठेवून वर झाड लावतात, आपण अंगणात ठेवू. शेवटी अक्कांनी तोड काढली. रक्षा अंगणात, पण झाड वर्षाराणीनं वाडीहून आणायचं. तिनं वाडीहून उंबराचं रोप मांडीवर धरून आणलं. जागा अक्कांनी बोट करून दाखवली, जिथं गवत बारा महिने हिरवं असतं तिथं. आणि झाड असं झेपावलं, की शेजारच्या झुंबरबाई दर गुरुवारी त्याला अकरा फेऱ्या घालायला लागल्या. वर्षाराणी शिरोळमध्ये सगळ्यांना सांगायची, चार वर्षांत पंधरा फूट, दुसरं काय, बापाची पुण्याई.

आज तिनं बोळातून पाऊल टाकलं आणि तिला दिसलं, गुंडू मिस्त्री उंबराच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर पहार मारतोय.

"ओ गुंडूमामा! काय चालवलंय?"

"आलीस व्हय वर्षा? बरी हाईस न्हवं?" गुंडूनं पहार उपसली. टोकाला काळा चिखल आणि केसांसारखी बारीक मुळ्यांची लड लागलेली. त्यानं ती बोटांत धरून उन्मेषला दाखवली. "ह्ये बघा. मी म्हनलं न्हवतं? पायपाच्या भोकात शिरलंय. मधली वळ पुरी गिळली आसंल, शेजारच्या दोन्हीकडं हात पसरलेत."

"कुणी?" वर्षाराणीनं विचारलं.

भैरवी दारात, कडेवर मोना. उन्मेष चपलेनं माती उकरत. वर्षाराणीनं सगळ्यांच्या नजरा कुठं आहेत ते पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

"झाडाला बोल लावू नका हं. सांगतो आधीच."

"ताई, अगं बोल लावत नाही. पण मुळं पाण्याकडं जाणारच."

"जाणारच की! उंबर तिथं पाणी, म्हातारी माणसं सांगून गेलीत."

"व्हय," गुंडू म्हणाला. "पर पाणी कसलं, ते म्हाताऱ्यांनी सांगितलं न्हाय."

"मामा, मस्करी नको. मुळं तोडा, पाइप बदला, झाड ऱ्हाऊ दे. एवढं सोपं हाय."

"सोपं हाय, आन सा म्हैन्यांत परत हितंच. उंबर हाय त्यो. एकदा गोडी लागल्यावर सोडतोय व्हय?"

"मग पाइप दुसरीकडं न्या."

"कुठं? पुढं बोअर हाय. त्याच्याजवळ ह्ये पाणी मुरवायचं? पोरीला पाजायचं?" गुंडूनं मोनाकडं मान केली. "बाजूला बोळ, बोळाला फरशी, फरशीच्या पल्याड झुंबरबाईचा आड. मोकळी जमीन एवढीच. तुझ्या बापानं इंच इंच मोजून काढली हुती."

"म्हणजे झाड तोडायचं म्हणा की सरळ."

"मी कशाला म्हनू? मी मिस्त्री हाय. झाड ठिवा न्हाईतर संडास ठिवा. दोन्ही न्हाय ऱ्हायचं."

वर्षाराणीनं पदर कमरेला खोचला. शिरोळच्या महापुरात ट्रॅक्टरच्या टपावर बसून सासूला बाहेर काढलेली बाई ती. तिचा आवाज दोन घरं पलीकडं गेला. "उंबर हाय, औदुंबर! त्याच्या खाली माझा बाप हाय. कुऱ्हाड लागली तर उद्या ह्या घरात घासभर खाणार न्हाय मी. आन ज्यानं लावली त्याचं तोंड बघणार न्हाय."

झुंबरबाईंच्या खिडकीचा पडदा हलला.

*

बहिणीचा आवाज चढला की उन्मेष आठ वर्षांचा व्हायचा. वारणानगरच्या डेअरीत तो प्रयोगशाळेत होता, दिवसभर दुधातले जंतू मोजायचा. शंभर माणसांपुढं तो सरळ उभा राहू शकायचा, हिच्यापुढं नाही.

आणि आत कुठंतरी त्याला लाज वाटत होती. झाडाची नव्हे. बांबूची.

दर शिवरात्रीनंतरच्या रविवारी आप्पा टाकीचं झाकण सरकवायचे. एका लांब बांबूला जुन्या धोतराची पांढरी चिंधी गुंडाळून तो टाकीत तळापर्यंत सोडायचे आणि सावकाश वर काढायचे. चिंधीवर खाली काळा पट्टा उमटलेला असायचा. पट्टा फुटाच्या वर गेला की तिसऱ्या दिवशी टँकर. "आत वाकायचं न्हाय," ते म्हणायचे, "आत हवा न्हाय, इख असतंय. बांबू जातो, माणूस जात न्हाय." संडासात अॅसिड ओतलं तर घरात युद्ध. "खाली आपले कामगार हायत, उन्म्या. कोट्यवधी. पगार न्हाय, सुट्टी न्हाय. त्यास्नी मारतोस व्हय?" हे ऐकूनच तर तो जंतूंच्या नादी लागला होता. आणि चार शिवरात्री तो बांबू माळ्यावर पडून होता. काल केरबानं झाकण उघडलं तेव्हा गाळ अडीच फूट होता.

"असं करू," तो म्हणाला. "उद्याचा दिवस काढू. मांडववाल्याकडं चाकावरचा संडास मिळतो, लग्नाला आणतात तो. उद्या तो आणू. झाडाचं नंतर बघू."

"बघ, कसं शहाण्यासारखं बोलला," वर्षाराणी म्हणाली.

भैरवीनं नवऱ्याकडं पाहिलं. सकाळी न्हाणीपाशी उभा राहून हाच माणूस म्हणाला होता, झाड काढावंच लागेल, तू ताईला सांग.

"नंतर म्हणजे कधी?" तिनं विचारलं.

"पुढच्या आठवड्यात."

"आणि आठवडाभर आपण?"

"अगं, काढू की कसंतरी. मी डेअरीत जातोच. मोना लहानच आहे. तू झुंबरबाईंकडं..."

"आणि अक्का?"

गुंडूनं पहार भिंतीला टेकवली, खाली बसला आणि तंबाखू काढली. बायका बोलायला लागल्या की मिस्त्रीनं बसावं, असा त्याचा नेम होता.

*

अक्कांना आतल्या खोलीत सगळं ऐकू येत होतं. लेकीचा आवाज तर कपाटाच्या आरशाला हादरे देत होता. त्या पालथ्या पडून होत्या. पालथं पडलं की ओटीपोटातली कळ जरा दबते, हे त्यांना जुनं माहीत होतं.

मंगळवार पेठेतल्या त्या दोन खोल्या. अकरा बिऱ्हाडं आणि मागं दोन संडास, त्यातला एक नेहमी तुंबलेला. लग्न होऊन आल्या त्या पहिल्याच आठवड्यात अक्का, तेव्हाच्या चिमणाबाई, शिकल्या, की संध्याकाळी सातनंतर पाणी प्यायचं नाही. पहाटे चारला उठायचं, टमरेल घेऊन अंधारात रांगेत उभं राहायचं, पुढच्या पुरुषाचा खोकला ओळखून मान खाली घालायची. आतल्या दाराची कडी मोडलेली. पुढं वर्षा सात-आठ वर्षांची झाली तशी ती बरोबर यायची आणि बाहेरून दार धरून उभी राहायची. थंडीत कुडकुडत, दोन्ही हातांनी. कुणी मोठ्यानं ओरडलं, "आवरा की!" की पोरगी ह्याच आवाजात उलटं ओरडायची, "आवरतंय! घाई हाय तर गावाला जावा!"

एकदा आप्पा रात्रपाळी करून पहाटे परत आले आणि त्यांनी हे पाहिलं. लेक दार धरून उभी. दहा वर्षं पैसा पैसा जोडून त्यांनी हा माळ घेतला आणि घराच्या आधी संडास बांधला. भिंती नंतर, छप्पर नंतर. पहिल्या दिवशी त्यांनी बायकोला हात धरून मागं नेलं, चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर तीन रेघा ओढल्या आणि म्हणाले, "ह्या रेघांच्या खालनं तुझं पाणी जातंय चिमणे. आता पी, किती प्यायचं तेवढं."

दार लोटलं गेलं. भैरवी चहा घेऊन आली होती.

"अक्का, उठता? चहा."

"ठेव तिथं."

"कालचाही तसाच होता. साय धरून."

भैरवीनं कप ठेवायला उशालगतचा तांब्या बाजूला सारला आणि तिचा हात थबकला. तांब्या जड होता. रात्री तिनंच गळ्यापर्यंत भरून ठेवलेला, तसाच. ती खाली बसली. सासूचं तोंड आपल्याकडं वळवून तिनं पाहिलं. ओठांना भेगा, जिभेवर पांढरा थर.

"पाणी कधी प्यालात?"

"प्यालो की."

"कधी?"

"...काल बारा वाजता. गोळी घेतली तवा."

"आणि रात्रीची गोळी?"

"सुकी गिळली."

भैरवीच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं आणि तिला राग आला, कुणाचा ते कळेना. मोनाला ताप आला की जसं बोलायची तसं ती बोलली. "अहो, झुंबरबाई दोनदा येऊन गेल्या. त्यांच्याकडं कमोड आहे, धरायला दांडी आहे, सगळं आहे."

"दुसऱ्याच्या दारात?" अक्कांनी डोळे मिटले. "नको बाई. ते दिवस मी फेडलेत. आता परत न्हाय."

"मग मी तोडायला सांगते झाड. वन्सं काय बोलायचं ते बोलू देत."

"तिला कशाला बोलतीस? जागा कुणी दावली?"

"तुम्ही. हिरवळ बघून."

"हिरवळ बघून व्हय?" अक्का कोपरावर रेटून उठल्या. उठताना त्यांनी दात आवळले. "मला रेघा ठाव हुत्या भैरवी. तिन्हीच्या तिन्ही. झोपंतसुद्धा सांगंन."

भैरवी त्यांच्याकडं बघत राहिली.

"हात दे," अक्का म्हणाल्या. "भाईर ने मला."

*

अंगणात भाऊबहीण चाकावरच्या संडासाचं भाडं विचारायला फोन लावत होते. अक्का सुनेचा खांदा धरून पायरीवर आल्या तशी वर्षाराणी धावली.

"तू कशाला उठलीस? आम्ही बघतोय की. झाडाला कुणी हात लावत न्हाय, भिऊ नको."

"गुंडू," अक्का म्हणाल्या, "कुऱ्हाड आणलीयास?"

"अक्का!"

"वरडू नको वर्षा. ऐक. त्या दिवशी खड्डा कुठं काढायचा ते मी दावलं. खाली पायप हाय हे मला म्हाईत हुतं. म्हाईत असून दावलं."

वर्षाराणीचं तोंड उघडं राहिलं. "का पण?"

अक्कांनी पदराचा काठ बोटाला गुंडाळला. इतकी वर्षं सगळ्यांना जेवायला वाढणाऱ्या त्या बाईला स्वतःची बाजू मांडायची सवय नव्हती. "देवळं बांधणारी माणसं असतात. पूल बांधणारी असतात. ह्यांनी हे बांधलं. रोज संध्याकाळी हितं येऊन बसायचे, नाकानं वास घ्यायचे, वास आला न्हाय की हसायचे. मला वाटलं, माणसाला त्याच्या कामावर ठेवावं. रोप केवढं हुतं, वीतभर. त्याचं एवढं हुईल, वाटलं न्हाय. माझी चूक हाय ती. म्हनून म्हनलं, आपण भोगावी."

गुंडूनं तंबाखूची चंची आवळली.

"वैनी," गुंडू खाली बघत म्हणाला, "मला बी म्हाईत हुतं की."

"तुला तर असणारच."

"तसं न्हाय. मी त्या दिशी हितंच हुतो. खड्डा काढत हुते तवा. दोन फुटावर पायप हाय, मी टाकलाय. तोंडापर्यंत आलं हुतं. पर तुमी समदी रडत हुता. उन्मेषच्या हातात मडकं. वर्षा तर निस्ती कोसळली हुती. रडत्या मानसांत संडासाचं कसं काढायचं? म्हनलं, दिवस झाल्यावर सांगू. मग म्हनलं, वर्षश्राद्धाला सांगू. मग झाड झालं. मग बाया फेऱ्या घालाय लागल्या." त्यानं हात पसरले. "फेऱ्या घालनाऱ्या बाईला काय सांगतोस?"

भिंतीपलीकडून झुंबरबाईंचा आवाज आला, "सांगायचं हुतंस की रे भाड्या! चार वर्षं अनवाणी घातल्या मी!"

पहिल्यांदा भैरवी फसकन हसली. मग उन्मेष. अक्कांना हसताना कळ आली, त्यांनी पोट धरलं, तरी हसत राहिल्या. वर्षाराणी एकटी हसत नव्हती. तिची नजर आईच्या पोटावरच्या हातावर होती.

"भोगावी म्हंजे काय गं?" तिनं विचारलं. "काय भोगतीस?"

"काही न्हाय."

"काल दुपारपासून पाणी घेतलेलं नाही यांनी," भैरवी म्हणाली. "जायला लागू नये म्हणून."

वर्षाराणीचा चेहरा आधी रागानं लाल झाला, मग त्या लालीचं काहीतरी दुसरंच झालं. ती आत गेली, तांब्या घेऊन आली आणि आईच्या तोंडाला लावला.

"पी."

"आधी झाड."

"झाड पडंल. आधी पी."

"मग लगेच जायला लागंल."

"लागू दे. झुंबरबाईकडं जाऊ."

"मी दुसऱ्याच्या दारात..."

"मी येतो की बरोबर," वर्षाराणी म्हणाली. त्रेचाळीस वर्षांच्या त्या दांडग्या बाईचा आवाज इतका खाली आला, की उन्मेषनं चमकून पाहिलं. "दार धरून उभा राहतो मी. कोण काय बोलतंय बघू."

अक्का लेकीकडं बघत राहिल्या. मग त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि प्यायल्या. घोट घोट, न थांबता, हनुवटीवरून ओघळ गळ्यात उतरत होते. मोनानं कुतूहलानं मोजले. सतरा घोट.

मग त्या दोघी बोळातून झुंबरबाईंकडं गेल्या, लेक पुढं, आई तिच्या दंडाला धरून. जाताना वर्षाराणी वळून म्हणाली, "मी आल्याबिगर कुऱ्हाड लावायची न्हाय. हळदीकुंकू लावायचं हाय त्याला. आणि मामा, तुमचं मी नंतर बघतो."

*

दुपारी बारापर्यंत उंबर आडवा झाला. गुंडूनं दोन गडी आणले होते, पण पहिला घाव अक्कांनी उन्मेषला घालायला लावला. "रक्षा तुझ्या हातची हाय, हात तुझाच लागू दे." त्यानं कुऱ्हाड उचलली, बुंध्याला डोकं टेकवलं आणि एक घाव घातला. पांढरा चीक वाहू लागला. तो भराभरा आत निघून गेला आणि बराच वेळ माळ्यावर काहीतरी शोधत असल्याचा खडखडाट येत राहिला.

भैरवी पस्तीस माणसांच्या आमटीचा मसाला वाटता वाटता मागं येऊन बघायची. वर्षाराणी गड्यांना सूचना देत होती. उंबराच्या फांद्या समिधांना चालतात, त्या वाडीला जातील. खोड जमिनीला टेकवू नका. पानं पायाखाली नकोत. घरात तासाभरात तिचा पक्ष बदलला होता आणि आता तिच्याइतकं झाड तोडायचं कुणालाच कळत नव्हतं.

मग गुंडूनं मधली ओळ उकलली. पाइपाचा तुकडा करवतीनं कापून बाहेर काढला आणि आतून एक लांब मूळ ओढलं. ते संपेचना. पाच हात निघालं, पाइपाच्याच आकाराचं, गोल, घट्ट, बारीक तंतूंनी विणल्यासारखं, काळपट, ओलं. त्याला वास होता. मोनानं नाक धरलं, पण जागची हलली नाही.

"बापरे," भैरवी म्हणाली. "कुठून कुठवर गेलंय."

"पाण्यावाचून कुणाला ऱ्हावतंय?" गुंडू म्हणाला. "पायप नवीन घालतो. सांजच्याला चालू करतो. उद्या जेवान निवांत घाला."

अंगणात दोन ढीग झाले होते. बोळाकडं फांद्या आणि खोड, त्यावर हळदीकुंकवाची बोटं. भिंतीकडं मुळ्या, चिखल आणि काळी पडलेली खडी. टेम्पोवाला इंजिन चालू ठेवून बसला होता.

"हे वाडीला," वर्षाराणीनं पहिल्या ढिगाकडं बोट केलं. "आणि ती घाण खाणीत टाका. लांब."

गड्यानं फावडं उचललं. मोना मध्ये जाऊन उभी राहिली, दोन्ही ढिगांच्या बरोबर मधोमध.

"थांबा," ती म्हणाली.

"मोना, बाजूला हो, पायाला घाण लागेल."

ती बाजूला झाली नाही. तिनं आधी फांद्यांकडं पाहिलं, मग वाकून मुळ्यांकडं पाहिलं, अगदी जवळून, नाक न धरता. आत्त्याकडं पाहिलं. पायरीवर बसलेल्या आजीकडं पाहिलं. आजीनं मान दुसरीकडं वळवली. मग पोरीनं आईचा पदर धरून ओढला. भैरवीच्या हाताला अजून मसाला होता, तिला पोरीला जवळही घेता येईना.

"आई," मोनानं विचारलं, "आप्पा कुठल्या ढिगात आहेत?"